नियम कोणी केला

पाथर्डीच्या स्टँडवर आईनं मला नगरच्या एसटीत बसवलं, तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यावरची खपली अजून पडली नव्हती. बाहत्तरचा दुष्काळ तो. सकाळच्या गाडीला निम्मा तालुका लोटला होता. कोणी पुण्याला निघालेलं, कोणी श्रीरामपूरकडे कारखान्यांवर, कोणी नुसतंच जिकडे पाणी असेल तिकडे. बैल विकून टाकलेला एक म्हातारा रिकामं दावं खांद्यावर टाकून उभा होता. ते त्यानं का जवळ बाळगलं होतं, त्यालाच ठाऊक. आईनं खिडकीतून माझ्या मांडीवर फडकं ठेवलं. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि लसणाचं तिखट. वडील आले नव्हते. तुम्ही येऊ नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं. पंधरा वर्षांची मुलगी बापाला असं सांगते ते घरात काहीतरी कायमचं मोडल्यावरच.

"इमल, रडायचं न्हाई," आई म्हणाली. विमल म्हणणं तिला कधी जमलं नाही. "मावशीकडं नीट ऱ्हा. शीक. आन् बघितलंस ते इसरू नको."

करंजी घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तशा शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या. मी मनातल्या मनात नावं म्हणत होते. मारुतीच्या ओट्यापुढं त्या दिवशी जी माणसं उभी होती त्यांची नावं, आळीवार, एकामागून एक. गावातल्या ज्या कोणाच्या हातात हे लिखाण पडेल त्यांनी समजून घ्यावं. तुमची किंवा तुमच्या वडलांची नावं मला आजही पाठ आहेत.

झालं होतं ते असं.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. आमची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण त्या साली तिच्यात कुसळसुद्धा उगवलं नाही. म्हणून आई खडी फोडायला आणि वडील माती वाहायला जात. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बायकांची लहान पोरं सांभाळायची. कामावरच्या माणसांना प्यायला तालुक्याहून टँकर यायचा. तो आधी नानांच्या मोसंबीच्या बागेत जायचा आणि उरलंसुरलं पाणी घेऊन दुपारी आमच्याकडं पोचायचा. नाना म्हणजे गावचे पुढारी. सरपंच कोणीही असो, शब्द नानांचा चालायचा. लिहिताना अजूनही त्यांच्यासाठी आदराचं बहुवचनच हाताला येतं, याचा मला राग येतो. पण सवय जात नाही.

एका दुपारी एक बाई उन्हानं भोवळ येऊन खडीच्या ढिगावर तोंडावर पडली. तिच्या तोंडात घालायला घोटभर पाणी कोणाकडं नव्हतं. त्याच आठवड्यात नगरहून साहेब पाहणीला आले. जीपमधून उतरले, शेजारी नाना. साहेबांनी सहज विचारलं, काही अडचण आहे का? सगळे खाली बघत राहिले. आईनं हातोडी खाली ठेवली आणि ती उठून उभी राहिली.

"साहेब, टँकर मोसंबीत रिकामा व्हतो," ती म्हणाली. "आमाला तळ चाटायला मिळतो."

साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी घड्याळात पाहिलं, नानांकडं पाहिलं आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आईवडलांना कामावर घेतलं नाही. मग विहिरीवर बायका आमच्याशी बोलेनात. मी पोहरा सोडला की त्या मागं सरकायच्या. दुकानदार मिठाचा खडासुद्धा द्यायला तयार होईना. वडील घाबरले. ते एकटेच नानांकडं जाऊन आले आणि आईला म्हणाले, "माफी मागितली की सोडून देत्याल म्हनत्यात."

माफी म्हणजे काय, ते ओट्यापाशी गेल्यावर कळलं. नाना वर बसले होते. आईनं ओट्याच्या पायरीवर नाक घासायचं आणि 'मी खोटं बोलले' असं म्हणायचं. आई वाकली. तिनं नाक घासलं. पण ते तीन शब्द तिच्या तोंडून येईनात. नाना म्हणाले, "पुन्ना." ती पुन्हा वाकली. पायरीचा दगड खडबडीत होता. असं बराच वेळ चाललं. शेवटी वडीलच पुढं झाले आणि तिच्या वतीनं म्हणाले, "ती खोटं बोलली." मग सगळे आपापल्या घरी गेले. कोणी हसलं नाही, हे खरं आहे. कोणी निघून गेलं नाही, हेही खरं आहे. साठ-सत्तर माणसं होती. पुढं भेटलेल्यांपैकी प्रत्येकानं मला सांगितलं, आम्ही त्या दिवशी गावात नव्हतो.

पुण्यात मावशी एका मुलींच्या हॉस्टेलवर स्वयंपाकाला होती. पर्वतीच्या पायथ्याशी तिची एक खोली होती. तिथं नळ होता. पहिल्या दिवशी मी तो सोडला आणि बघत उभी राहिले. मावशी म्हणाली, "बंद कर की गं." मी बंद केला आणि पुन्हा सोडला. आई त्या वेळी पुन्हा खडी फोडायला लागली होती, कारण माफी मागितल्यावर कामावर घेतलं होतं. टँकर मात्र अजूनही बागेतूनच येत होता.

शाळेत मी 'हाय' म्हणाले की वर्ग हसायचा. बाईंनी मला फळ्यापाशी उभं करून म्हणायला लावलं, 'आहे, नाही, होतं.' मी शिकले. महिन्याभरात इतकं शुद्ध बोलायला लागले की मावशी म्हणायची, माझ्याशी बोलताना तरी घरच्यासारखं बोल. पण मला शुद्धच बोलायचं होतं. साहेब ज्या भाषेत गप्प बसले होते, ती भाषा मला हवी होती.

सुट्टीत मी गावी गेले नाही. आईच पुण्याला यायची, पाथर्डीहून पहाटेची गाडी धरून. येताना बोरं, हुलगे आणायची. वडलांना मी दादा म्हणायची. एकदा ती म्हणाली, "तुजं दादा लई इचारत्यात तुला." मी विषय बदलला. वडील पुढं काही वर्षांत गेले. मी तेराव्याला गेले, अंगणात बसले, आलेल्या माणसांना पाणी दिलं. रडायला आलं नाही. चांगला माणूस होता, असं सगळे म्हणत होते. मीही हो म्हटलं.

मी कायदा शिकले. काही वर्षं कोर्टात काढली, मग बायकांच्या एका संघटनेत आणि मग हळूहळू शिकवण्याकडं वळले. तुरुंगातले शिपाई, तहसीलदार, पोलीस, हेडमास्तर, अशा माणसांना मानवी हक्क म्हणजे काय ते शिकवायचं. काही काळ परदेशातही होते. तिथं बर्फ बघितला, तऱ्हेतऱ्हेच्या देशांतली माणसं बघितली, आणि प्रत्येकाच्या गावात एक नाना असतो हे ऐकलं. परत आले ती दिल्लीला. मानवी हक्क शिक्षणाचं काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेत त्या विभागाची प्रमुख झाले. कमिट्या, ड्राफ्ट, मॉड्यूल, रिव्ह्यू, विमानं. लोक म्हणायचे, मॅडम, या कामाला फार मोठं अंतःकरण लागतं. माझं अंतःकरण बेताचंच होतं. राग मात्र कमी पडला नाही. ट्रेनिंगमध्ये एखादा अधिकारी म्हणायचा की लोक तक्रारच करत नाहीत, मग आम्हाला कळणार कसं? तेव्हा मी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघायची आणि मग शांतपणे, अगदी शुद्ध भाषेत, त्याला सोलून काढायची. माझ्या वर्गाला लोक घाबरायचे. मला ते आवडायचं.

मग एक धोरण करायचं ठरलं. ग्रामीण भागातल्या कॉलेजांना मानवी हक्क शिक्षणाची केंद्रं द्यायची, त्यांना मदत द्यायची. मसुदा माझ्याकडं होता. त्यात मी एक कलम घातलं. प्रत्येक केंद्रानं आपल्या परिसरात घडलेल्या एका अन्यायाचा शोध घ्यावा, ज्याच्यावर तो झाला त्या माणसाची साक्ष त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावी आणि उद्घाटनाच्या दिवशी ती साक्ष संस्थाचालकांच्या उपस्थितीत जाहीर वाचावी.

कमिटीत एक निवृत्त न्यायाधीश होते. ते म्हणाले, "संस्थाचालकांच्या उपस्थितीत, हे जरा कडक नाही का?"

मी म्हटलं, "ते हजर नसतील तर मुलांना वाटेल, हे फक्त परीक्षेपुरतं आहे."

सगळ्यांना पटलं. कलमाचं कौतुक झालं. माझ्या हाताखालच्या एका मुलीनं जेवताना विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "शिक्षणशास्त्र." अख्ख्या देशासाठी केलेलं ते कलम मी एका गावासाठी लिहिलं होतं. नानांनी मधल्या काळात शिक्षणसंस्था काढली होती, कॉलेज बांधलं होतं, आणि जिथं मदत मिळते तिथं ते अर्ज करतातच, हे मला आईकडून माहीत होतं. मला फक्त वाट बघायची होती.

अर्ज आला. लायब्ररी अपुरी आहे, असा शेरा आमच्याच माणसानं मारला होता. मी तो बाजूला ठेवून केंद्र मंजूर केलं. नकार दिला असता तर ते म्हणाले असते, दिल्लीत ओळख कमी पडली, आणि विसरून गेले असते. माझं गाव म्हणून मी त्या निर्णयातून बाजूला व्हायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी झाले नाही. हे क्षमा मागायला लिहीत नाही.

मग उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून मलाच बोलावलं. 'गावची सुकन्या' असा बॅनर. मला वाटलं, माणूस सगळं विसरला. इतकं की माझ्या हातून नारळ फोडून घ्यायला निघाला. त्या विसरण्यानं माझा राग नव्यानं पेटला.

साक्ष गोळा करायचं काम कॉलेजातल्या चव्हाण नावाच्या तरुण प्राध्यापिकेकडं होतं. त्या गावात फिरल्या, दुष्काळात काही घडलं होतं का म्हणून विचारत राहिल्या. कोणी काही सांगेना. एका म्हातारीनं मात्र म्हटलं, "गयाबाईला इचारा." गयाबाई म्हणजे माझी आई. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. चव्हाणबाईंनी शब्द न बदलता उतरवून घेतलं. ते वाचल्यावर प्राचार्यांनी मला फोन केला. दुसरा एखादा विषय घेतला तर चालेल का? मी म्हटलं, चालेल, पण केंद्र पुढच्या वर्षी मिळेल.

कार्यक्रमाआधी नानांच्या केबिनमध्ये चहा झाला. थकले होते. बशीत चहा सांडत होता. बाकीचे बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "इमल, तू गावाचं नाव काडलंस. पर ते जुनं काईबाई वाचायचं कशाला? पोरंसोरं बसल्याली असत्यात."

"नियम आहे, नाना."

"नियम कोनी केला?"

"मी."

त्यांनी कप खाली ठेवला.   मग शिपाई बोलवायला आला.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत आई, धुवट नऊवारी नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. व्यासपीठावर मधे नाना, शाल पांघरून, शेजारी मी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी साक्ष वाचायला उभी राहिली. आवाज स्वच्छ होता तिचा. टँकर आला, मोसंबीची बाग आली, साहेब आले. ओट्याची पायरी आली तेव्हा मागची कुजबुज थांबली. 'मला म्हनले, पुन्ना. मी वाकले. मला खोटं बोलाया लावत हुते आन् मला येत न्हवतं.' माझ्या आईचं बोलणं, हाय-न्हाई सकट, माइकवरून. कोणी हसलं नाही.

मी नानांकडं बघत होते. मी त्यासाठीच आले होते. त्यांनी शालीचं टोक मुठीत धरलं होतं आणि ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी आजही हवा तेव्हा डोळ्यांपुढं आणू शकते आणि आणते.

वाचून झाल्यावर अध्यक्षीय भाषणाला ते उठले. म्हणाले, "त्या काळी तसं हुतं. काळच तसा हुता."

आई बसल्या जागेवरून, माइकशिवाय, म्हणाली, "काळ न्हाई. तुमी."

 नानांनी शाल सावरली. मग ते म्हणाले, "समद्यांची चहाची येवस्था केल्याली हाय," आणि खाली बसले.

मी आईला घेऊन घरी निघाले. कॉलेजचं गेट ओलांडलं की समोरच आमचं घर. मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"तुला वाटलं का?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? छाती भरून आली होती.

"मग झालं." ती उंबऱ्यावर टेकली. मी म्हटलं, "विसरला होता तो. आज आठवण करून दिली."

आई हसली. "इसरतोय कसला? मी काय हितं उगंच ऱ्हायले व्हय? रोज सकाळी त्येच्या दारावरनं पान्याला जायची. नळ आला तरी जायची. तो ओसरीवर असायचा. मला बघितलं की आत जायचा. इतकी वर्षं, इमल. एक दिस चुकवला न्हाई मी."

 पुण्याला चल, दिल्लीला चल म्हणून मी तिच्या किती मागं लागले होते. शेळी आहे, पत्रा गळतो, गुडघे दुखतात, असली कारणं ती सांगायची आणि मला वाटायचं, आईला गाव सुटत नाही. मी देशभर फिरून, धोरण करून जे एका दुपारी केलं, ते ती हंडा घेऊन रोज करत होती. आणि मला तिनं कधी सांगितलंही नव्हतं. त्या क्षणी मला तिचा थोडा हेवा वाटला.

नाना त्यानंतर दोन उन्हाळे जगले. ओसरीवर बसायचं त्यांनी सोडून दिलं, असं आई सांगायची. ते गेले त्या दिवशी तिचा फोन आला. तिनं खबर दिली, कोण कोण आलं होतं ते सांगितलं आणि म्हणाली, "आता मला न्यायला ये." शेळी तिनं आधीच शेजारी देऊन टाकली होती.

मी तोवर निवृत्त होऊन पुण्याला आले होते. आई माझ्याकडं राहिली, बाल्कनीत तुळस लावली, लिफ्टला घाबरली, मग लिफ्टमध्येच शेजारणींशी गप्पा मारायला लागली. गावाचं नाव फारसं काढायची नाही. तिथलं तिचं काम संपलं होतं. ती इथंच गेली, हॉस्पिटलात, झोपेत.

घर मी विकलेलं नाही. दोन खोल्या आणि ओसरी आहे नुसती. संस्थेला गेटसमोरची ती जागा वळणासाठी हवीय, कॉलेजची बस नीट आत वळत नाही. नानांचा नातू आता अध्यक्ष आहे. सभ्य मुलगा आहे, पेढे घेऊन पुण्याला येऊन गेला.

"आत्या, तुम्ही तर आता तिथं राहत नाही," तो म्हणाला.

"नाही राहत."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं आणि त्याला अजून एक कप चहा दिला. त्याचा काही दोष नाही, हे मला कळतं. मी आयुष्यभर लोकांना हेच शिकवलं, की बापाचं पाप पोरावर लादू नये. शिकवलं ते खरंच आहे. घराचं मात्र मी बघून घेईन.

नगरचं आता अहिल्यानगर झालं, आमच्या रस्त्याला डांबर आलं. दरवर्षी दिवाळीआधी मी जाते. पत्रे तपासते, भिंतींना चुना देऊन घेते, म्हणजे घर ओसाड दिसत नाही. घर म्हणजे आपली माणसं, असं लोक म्हणतात. माझं तिथं माणूस कोणी उरलेलं नाही. उरलीय ती जागा, आणि ती मी अडवून बसले आहे. एक मुक्काम करते. सकाळी कॉलेजची बस येते. ड्रायव्हर ती आमच्या ओसरीपर्यंत आणतो, थांबवतो, मागं घेतो, पुन्हा पुढं आणतो, पुन्हा मागं घेतो. आतली मुलं खिडकीतून बघतात. मी चहा घेऊन दारात उभी असते, ती आत वळेपर्यंत.